मनूस, बायोप्सीला जाण्याआधी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुला मोकळं बोलता येत नाही, मागे सासूबाई असतात. म्हणून लिहिते. माझी सगळी नोकरी स्त्रीरोग विभागात गेली, तेव्हा हे सांगताना मला लाज वाटत नाही; तूही वाचताना वाटून घेऊ नकोस.

‘तुकडा तपासायला पाठवणार’ म्हटल्यावर तू थेट कॅन्सरवर पोचलीस. अगं, योनिमार्गात सुरू होणारा कॅन्सर मुळातच फार क्वचित दिसतो. तुझी पॅप तपासणी, म्हणजे पुसून घेतलेल्या पेशींची तपासणी, जरा वेगळी आली, योनीच्या वरच्या भागात पांढरट चट्टा दिसला. तो नुसता बघून कशाचा ते नक्की सांगता येत नाही, म्हणून तुकडा घ्यायचा. आणि एचपीव्ही हा संबंधातून पसरणारा विषाणू निघाला म्हणून जावईबापूंकडे संशयाने बघू नकोस. तो अंगात वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. कुणाकडून, कधी आला हे कोणतीही तपासणी सांगू शकत नाही. या एका गैरसमजापायी घरात अबोला धरलेली जोडपी मी पाहिली आहेत.

पाळीच्या दिवसांतली तारीख घेऊ नकोस. आधीचे दोन दिवस संबंध नकोत, आत क्रीम किंवा गोळीही नको. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, आयोडीनची ॲलर्जी असेल, दिवस गेल्याची शंका असेल, तर आधीच सांग. पूर्ण भूल देणार नसतील तर उपाशी जाऊ नकोस, पोटात काही नसलं की चक्कर येते. लघवी करून मगच टेबलावर चढ.

पुढचं पॅप तपासणीसारखंच. आत स्पेक्युलम, म्हणजे योनिमार्ग उघडा धरणारं साधन, घालतात आणि दुर्बिणीतून बघतात; दुर्बीण बाहेरच असते. मग पातळ ॲसिटिक ॲसिड लावतात, म्हणजे आपलं व्हिनेगरच. त्याने जरा चुरचुरतं आणि बदललेल्या पेशी पांढऱ्या दिसू लागतात. कधी आयोडीनही लावतात. निरोगी भाग गडद तपकिरी होतो, शंकेची जागा फिकी राहते. तिथूनच चिमट्याने तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतात. चिमटा मिटल्याचा ‘कट्’ असा आवाज येतो आणि बायका त्यालाच जास्त दचकतात. योनीच्या वरच्या भागात दुखणं कमी जाणवतं, खालच्या भागात जास्त, म्हणून तिथे हमखास बधिर करतात. त्या इंजेक्शनचीच काय ती कळ. तुला हवं असेल तर वरच्या भागासाठीही माग. दुखलं तर ‘थांबा’ म्हण. डॉक्टर थांबतात. दात-ओठ खाऊन पडून राहणाऱ्या बाईला कुणी बक्षीस देत नाही!

तुकडा टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला की लेबलवरचं नाव आणि वय स्वतः वाच. हे मात्र विसरू नकोस.

रक्त थांबवायला मॉन्सेलचं द्रावण लावलं तर नंतर काळपट, भुरभुरीत स्राव जातो. तो बघून घाबरू नकोस. थोडे डाग दोन-चार दिवस दिसतील. साधं पॅड वापर, टॅम्पॉन किंवा कप नको. आठवडाभर संबंध नकोत. डॉक्टर जास्त दिवस म्हणाले तर तेवढे. दुखलं तर पॅरासिटामॉल घे. पण तासाला पॅड भिजायला लागलं, ताप आला किंवा घाण वास यायला लागला, तर सकाळची वाट बघत बसू नकोस, लगेच जा. आणि तपासणी करून घरी येताना स्कूटर नको, रिक्षा कर.

रिपोर्टला आठवडा-दहा दिवस लागतील. त्यात ‘व्हीएआयएन’ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ पेशी बदलल्या आहेत, कॅन्सर नाही. त्यापुढे पायरीचा आकडा असतो: १ असेल तर बहुधा नुसतं लक्ष ठेवतात, कित्येकदा ते आपोआप निवळतं. २ किंवा ३ असेल तर सहसा उपचार करतात. रिपोर्ट आला की अख्ख्या पानाचा फोटो पाठव, नुसती खालची ओळ नको. आणि त्या दिवशी मी यायला हवी असेन तर तसं स्पष्ट सांग. तुझ्या बाबांचा डबा मी लावून ठेवला आहे.

तुझी,
आई