चावी आईकडे द्या, बाबा

ती. आई आणि बाबा,
शि. सा. न.

फोनवर बाबा ऐकत नाहीत म्हणून लिहून राहिलोय. मोबाईलवर एवढं लांबलचक तुम्ही वाचणार नाही हे माहितीय, ताईला सांगितलंय चोपड्यातून प्रिंट काढून आण, अक्षर मोठं ठेव.

रविवारी सोनूच्या नेव्हीच्या फॉर्मचा विषय काढला तर तुम्ही सरळ फोन आईच्या हातात दिला. मागून एवढंच ऐकू आलं की "तापीत धड पोहता येत नाही अन् चालला समुद्रात." मग आईनं हळूच सांगितलं की त्याचा बारावीचा मार्कशीट अन् शाळा सोडल्याचा दाखला तुम्ही कपाटात कुलूपबंद केलाय अन् चावी बंडीच्या खिशात. बाबा, हे बरोबर नाही. पण भांडायला लिहीत नाहीये, एक गोष्ट सांगायचीय, ती पूर्ण वाचा मग काय म्हणायचं ते म्हणा.

परवा सुटी होती, इथं रॉटरडॅमला मरीन लोकांचं म्युझियम आहे, जुन्या बंदराच्या कडेला, तिथं जाऊन आलो. सोनूच्या डोक्यात मरीन कमांडोचं वेड शिरलंय म्हणून म्हटलं आपण तरी बघू हे प्रकरण काय असतं. मरीन म्हणजे जहाजावरचं पायदळ, जहाज चालवणारा खलाशी वेगळा अन् हा वेगळा, हा बंदूक घेऊन जहाजातून उतरतो अन् किनाऱ्यावर लढतो. या डच लोकांची ही पलटण १० डिसेंबर १६६५ ला उभी राहिली. १६६५ म्हणजे आपल्याकडे पुरंदरचा तह झाला ते साल बाबा, अन् सिंधुदुर्गाचं बांधकाम आदल्याच वर्षी सुरू झालेलं. इकडे महाराज समुद्राचा विचार करत होते अन् तिकडे हे लोक पण तोच करत होते, मला ते वाचून फार भारी वाटलं.

कारण काय तर तेव्हा यांचं इंग्रजांशी समुद्रावर युद्ध चालू होतं. त्याआधी लढाईसाठी जहाजावर लष्करातले शिपाई उसने घ्यायचे, त्या बिचाऱ्यांना जहाज हललं की उलट्या, दोरखंड कुठला शिड कुठलं काही कळायचं नाही. म्हणजे आपण दरवर्षी केळी कापायला नवी टोळी आणावी, घड कसा धरायचा कसा उतरवायचा हे शिकवेपर्यंत कापणी संपावी अन् टोळी निघून जावी, तसं. मग यान द विट म्हणून राज्य चालवणारा होता अन् द राउटर म्हणून आरमाराचा मोठा माणूस, त्यांनी म्हटलं कायमचीच पलटण ठेवू जी समुद्रावरच राहील. पहिला प्रमुख व्हॅन घेंट. दीडच वर्षात, जून १६६७ मध्ये, हे आरमार इंग्लंडच्या मेडवे नदीतच घुसलं, मरीन लोकांनी उतरून शिअरनेसचा किल्ला घेतला, नदीत आडवी लावलेली लोखंडी साखळी तोडली, जहाजं जाळली अन् इंग्रजांचं रॉयल चार्ल्स नावाचं मुख्य जहाज चक्क ओढून घरी आणलं! त्याच्या मागच्या भागावरचं कोरीवकाम अजून ॲमस्टरडॅमच्या म्युझियममध्ये लावून ठेवलंय. इंग्रजांचं नाक त्यांच्याच घरात जाऊन कापलं हे वाचताना तुमचीच आठवण आली, तुम्हाला आवडली असती ही गोष्ट.

पण मला सगळ्यात लागली ती १९४० ची. इथून जवळच एक लालभडक पूल आहे, विलेम्सब्रुग, मी रोज बघतो तो, हा नवा आहे १९८१ चा, जुना त्याच्या शेजारी होता. १० मे १९४० ला पहाटे जर्मनांची पाण्यावर उतरणारी विमानं थेट नदीत उतरली, रबरी होड्यांतून सैनिक आले अन् त्यांनी पूल धरला. शहरात मरीन लोकांची छावणी होती, ते धावले. जगभर समुद्रावर फिरायचं काम ज्यांचं, ते आपल्याच गावच्या पुलाच्या टोकाशी चार दिवस अडून बसले अन् जर्मनांना उत्तरेकडे नीट येऊच दिलं नाही. विदगावच्या पुलावर जळगावकडून शत्रू आलाय अन् चोपड्याकडच्या टोकाला आपली पोरं बसलीयत असं डोळ्यांसमोर आणा. त्यांच्या गडद निळ्या कोटांमुळे जर्मन त्यांना काळे सैतान म्हणायचे असं इथं सांगतात, खरंखोटं देव जाणे. मग १४ तारखेला जर्मनांनी वरून बॉम्ब टाकले, मधलं सगळं शहर जळालं, साडेआठशेच्या आसपास माणसं गेली, ८० हजार लोक बेघर. नदीकाठी व्हाइट हाऊस म्हणून १८९८ ची ४३ मीटर उंच इमारत आहे, ती वाचली, आजूबाजूला जे दिसतं ते बहुतेक नंतरचं.

सगळंच कौतुकाचं नाही हां. दुसऱ्या महायुद्धानंतर इंडोनेशिया स्वातंत्र्य मागत होता तेव्हा हीच पलटण तिकडे जावा बेटावर गेली. नोव्हेंबर १९४७ मध्ये बोंडोवोसो गावाहून १०० कैदी बंद मालडब्यांत कोंबून सुराबायाला नेले, हवा नाही पाणी नाही, पोहोचेपर्यंत ४६ मेले. पहारा मरीन लोकांचा होता. ज्या पलटणीनं इथं पूल अडवला तिनंच सात वर्षांनी तिथं हे केलं. मी सोनूला हे पण सांगितलंय, युनिफॉर्मचं फक्त चकचकीत दाखवायचं नाही असं मला वाटतं.

आजचं काम म्हणजे नॉर्वेच्या बर्फात सराव, कॅरिबियन बेटांवर तैनाती, असं सगळीकडेच. त्यांचं ब्रीदच आहे, जिथवर जग पसरलंय तिथवर. त्यांच्या जहाजाची एक गंमत सांगतो, मागच्या बाजूला मोठं पोट असतं, त्यात पाणी सोडतात, ड्रिप यायच्या आधी आपण पाटानं वाफा भरायचो ना तसं, ते भरलं की आतल्या बोटी तरंगतात अन् माणसं गाड्या सगळं घेऊन बाहेर पडतात. आपल्याकडे असंच जहाज आहे, आयएनएस जलाश्व, अमेरिकेकडून घेतलेलं, २००७ पासून आपल्या नौदलात. कोरोनात मालदीवहून आपले ६९८ लोक कोचीला आणले ते यानंच.

आता सोनूचा मुद्दा. आपल्याकडे अशी वेगळी मरीन पलटण नाहीच. किनाऱ्यावर उतरून लढायचं काम लष्कराची खास ब्रिगेड करते, तिरुवनंतपुरमला. अन् नौदलाचे मार्कोस, म्हणजे सोनू म्हणतो ते मरीन कमांडो, आहेत, १९८७ मध्ये उभे केलेले, २६/११ ला ताज अन् ट्रायडंटमध्ये आधी शिरले ते हेच, तुम्ही अन् मी रात्रभर टीव्हीसमोर बसलो होतो आठवतं? मार्च २०२४ मध्ये तर सोमालियाच्या चाच्यांनी धरलेल्या रुएन जहाजासाठी आपल्या किनाऱ्यापासून २६०० किलोमीटरवर विमानातून बोटींसकट उतरले, १७ खलाशी सोडवले, ३५ चाचे शरण आले. पण सरळ मार्कोसचा फॉर्म नसतो, आधी नौदलात जावं लागतं, ओडिशात चिल्का म्हणून ठिकाण आहे तिथं ट्रेनिंग, मग निवड, अन् त्यात बहुतेक पोरं गळतातच. म्हणजे सोनू उद्याच काही बंदूक घेऊन विमानातून उडी मारत नाहीये. अन् पोहायला तिथं शिकवतात बाबा.

अग्निवीर चार वर्षांचंच, शंभरातले पंचवीसच पुढे ठेवतात, ही तुमची काळजी खोटी नाही. मलाही ते खटकतं. पण मागच्या वर्षी वादळात बाग आडवी झाली तेव्हा तुम्हीच म्हणाला होता ना की याला शेतीत घालू नका. मग घालायचं कुठे? मी बारावीनंतर भरतीसाठी पाटचारीच्या रस्त्यावर पळायचो तेव्हाही तुम्ही असाच दाखला दडवला होता. माझा राग नाही आता, खरंच नाही, नाहीतर मी इथं आलो नसतो. पण त्या पुलावरून जाताना दर वेळी आठवतं, एवढं खरं.

बाकी इथं ठीक. कोल्ड स्टोरेजमध्ये इक्वेडोरची केळी येते, सगळी एका मापाची, एका रंगाची अन् चव सरकारी. आई, बिबड्या अन् कळण्याचं पीठ पाठवू नकोस, मागच्या वेळी कस्टमवाल्यानं पीठ बोटानं दाबून बघितलं तेव्हा माझा जीव गेला होता. आखाजीला यायचं बघतोय. बाबांची शुगर तपासून घे, ते स्वतः जाणार नाहीत.

फॉर्मची शेवटची तारीख सोनूला माहितीय. तो तुम्हाला परत विचारणार नाही, तुमच्यासारखाच आहे. चावी तेवढी आईकडे द्या.

तुमचा,
बाळू