धरमपेठेतल्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय मॅडम,

माझं नाव तुम्हाला आठवणार नाही. 2013 चा डिसेंबर. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं 377 कलम सुप्रीम कोर्टानं कायम ठेवल्याची बातमी ताजी होती आणि बाबा मला स्कूटरवर बसवून नागपूरच्या महाल भागातून तुमच्याकडे घेऊन आले होते. मी आठवीत. वर्गातल्या एका पोट्ट्यासाठी लिहिलेली चिठ्ठी दप्तरात सापडली होती. त्याआधी एका डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. त्या खाऊन मी गणिताच्या तासाला पेंगायचो.

गोळ्यांचं पाकीट उलटसुलट करत तुम्ही विचारलं, "हे कशासाठी?"

"पोरगा सुधरावा म्हणून."

"जागतिक आरोग्य संघटनेनं 1990 सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, भाऊ. तेव्हा तुमचं लग्न तरी झालं होतं का?"

बाबा नुसतेच पंख्याकडे बघत राहिले.

मग त्यांना बाहेर बसवून तुम्ही मला शाळेचं विचारलं. सुट्टीत पोरं 'बायल्या' म्हणतात, नळावर पाणी पिऊ देत नाहीत, हे मी पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं. पोलीस धरतील का, तेही विचारून घेतलं. मुलगा आवडणं हा गुन्हा नाही, कोणाला कधी सांगायचं ते तू ठरव, घाई नाही, असं तुम्ही म्हणालात. आणि चिडवणाऱ्यांसाठी एक उत्तर दिलंत: "हाव, मग?" अस्सल नागपुरी! पुढच्याच आठवड्यात ते नळावर वापरलं. समोरच्याला पुढचं वाक्यच सुचेना.

लगेच काही मी स्वतःला आवडायला लागलो नाही. अकरावीतही मित्रांना एका खोट्या मैत्रिणीच्या गोष्टी सांगायचो (तिचं कॉलेज अमरावतीला होतं, म्हणजे कोणी भेटायला मागणार नाही). पण आपल्यात काही बिघडलंय, हे डोक्यातून गेलं ते गेलंच.

6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाचा 377 चा निकाल फिरला. बाबांनी बातमी शेवटपर्यंत पाहिली आणि आईला म्हणाले, "चहा ठेव. ह्यालाही दे." आमच्या घरात एवढं पुष्कळ झालं.

असले 'सुधारणे'चे उपचार करणं हे डॉक्टरांचं गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्ये सांगितलं. तुम्ही नऊ वर्षं आधीच, फीसुद्धा न घेता, ते पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं होतं. त्याबद्दल मनापासून आभार.

बाबांनाही तुम्हाला भेटायचंय. स्वतः विचारायला लाजतात. एखाद्या रविवारी येऊ का? आई पाटवडीचा रस्सा करून देणार आहे. तिखट चालतं ना?

तुमचा,
आठवीतला पेशंट