चि. मैत्रेयीस, त्या एका शब्दावरून

कोथरूड, पुणे
रविवार, दुपार

चि. मैत्रेयी,
अनेक आशीर्वाद.

बंगळुरूला पोहोचल्याचा मेसेज बाबांना केलास, मला नाही. तेही बरोबरच म्हणा. गौरीजेवणाच्या दिवशी, पानावर पुरणपोळी वाढलेली असताना तू तुमच्या तिघांच्या नात्याचं, त्याच्या दुसऱ्या मैत्रिणीचं सांगितलंस आणि मी "म्हणजे सवतच ना?" असं म्हणाले, आणि मावशीसमोर म्हणाले. मावशीसमोर म्हणायला नको होतं. एरवी म्हणायला हवं होतं की नव्हतं, ते माझं अजून ठरत नाहीये.

जाताना तू बुटांचे बंद बांधत म्हणालीस, "आई, जन्मभर मुलांना शब्द शिकवलेस, या शब्दाचा अर्थ तरी बघ." तर बघितला. तीन दिवस बघतेय.

तुझा तो 'पॉलिअ‍ॅमरी', म्हणजे सगळ्यांच्या संमतीने एकाच वेळी अनेकांशी प्रेमाचं नातं, तसा पोरसवदा शब्द. 1990 च्या सुमारास अमेरिकेत घडवलेला. अर्धा ग्रीक, अर्धा लॅटिन. म्हणजे शब्दानेच आधी आंतरजातीय केलेलं. जुना 'पॉलिगॅमी' मात्र अख्खा ग्रीक. पुष्कळ, आणि लग्न. बायका पुष्कळ की नवरे, हे त्यात सांगितलेलंच नाही. बायका असतील तर पॉलिजिनी, नवरे असतील तर पॉलिअँड्री. पण लोकांनी पॉलिगॅमीचा अर्थ अनेक बायका एवढाच धरला, कारण डोळ्यांसमोर तेच होतं. हे मी मोठ्याने वाचत होते तेव्हा बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "आंबा पॉलिगॅमस असतो." एकाच मोहोरात नर फुलंही असतात आणि द्विलिंगी फुलंही, त्याला वनस्पतिशास्त्रात हाच शब्द आहे म्हणे. तीन दिवसांत या विषयावर त्यांनी काढलेला हा एकमेव उद्गार.

आपल्याकडचा शब्द जास्त बोचरा आहे. सपत्नी, म्हणजे जिचा पती तोच ती. तीच झिजत झिजत सवत झाली. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात 145 वं सूक्त सवतीचा काटा काढण्यासाठीच आहे. 'इमां खनाम्योषधिम्' म्हणत ती बाई वनस्पती खणून काढते. म्हणजे भांडण तेवढं जुनं. पुढे सपत्नीवरून पुल्लिंगी 'सपत्न' झाला आणि त्याचा अर्थ झाला शत्रू. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन 'असपत्नमृद्धं राज्यम्' म्हणतो ना, तो श्लोक मी तीसेक वर्षं पाठ करून घेतला, फळ्यावर 'निष्कंटक' असा अर्थ लिहिला आणि पुढे गेले. त्या राज्यात एक सवत बसलेली आहे हे मला या तीन दिवसांत दिसलं. पेपरवाले अमक्याला सापत्न वागणूक, तमक्याला सापत्न वागणूक असं रोज छापतात, त्यांना तरी कुठे दिसतं?

आणि तैत्तिरीय संहितेतली ती दोरी! एका यूपाला, म्हणजे यज्ञातल्या खांबाला, दोन दोऱ्या गुंडाळतात, म्हणून एका पुरुषाला दोन बायका. एक दोरी दोन यूपांना गुंडाळत नाहीत, म्हणून एका बाईला दोन नवरे नाहीत. संपलं. द्रौपदीच्या वेळी मात्र युधिष्ठिराला बरोब्बर जटिला आठवली, सात ऋषींची पत्नी. ज्याला जे हवं ते आठवतं. मीही तुझं नाव बृहदारण्यक उपनिषदातून काढलं तेव्हा अमृतत्वाचा प्रश्न विचारणारी मैत्रेयी तेवढी आठवली. तिच्या नवऱ्याच्या, याज्ञवल्क्याच्या, घरात त्याची दुसरी बायको कात्यायनीही होती, हे मनात आलंच नाही.

बरं. मला विचारायचं एकच होतं आणि नेमकं तेच त्या दिवशी राहिलं. तुला ताप आला तर रात्री तुझ्याजवळ कोण बसणार? तो नेमका तिच्याकडे असला तर?

तू म्हणशील, नवरा तरी कुठे बसतो. खरं आहे. पण त्याचं नाव तरी कागदावर असतं. दवाखान्याच्या काउंटरवर 'रुग्णाशी नातं' असा एक रकाना असतो, त्यात तुम्ही तिघं काय लिहिणार आहात? कायद्याची किंमत तुमच्या पिढीला नाही, कारण तो तुम्हाला आयता मिळाला. मुंबई इलाख्यात दुसरी बायको करायला बंदी आली 1946 साली, देशभरातल्या हिंदूंना 1955 साली. त्याआधी किती बायका माजघरात... जाऊ दे. पुन्हा वर्ग घ्यायला लागले. माफ कर. वर्षानुवर्षांची खोड आहे.

पण 1946 वरून थोरल्या आजी आठवतात. तू त्यांना पाहिलं नाहीस. माझी खरी आजी म्हणजे धाकटी, 1938 साली शनिवार पेठेतल्या त्या घरात आली, थोरलीला मूल होईना म्हणून. कायदा आठ वर्षं आधी येता तर धाकटी आली नसती, माझे वडील झाले नसते, मी नाही, तूही नाही. तिघांचा एकत्र फोटो होता म्हणतात, तो 1961 च्या पानशेतच्या पुरात गेला. थोरली वरच्या मजल्यावर निजायची आणि म्हणायची, "मी गडावरची म्हाळसा, ही आमची बानू, अर्ध्या डोंगरावरची." जेजुरीला गेलीस तेव्हा तू बानूबाईचं देऊळ पाहिलंस ना, वाटेतलं? तेच.

मी दहा वर्षांची असताना धाकटीला विषमज्वर झाला. आजोबा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. रात्री मी पाणी प्यायला उठले तर माजघरात कंदील बारीक केलेला आणि थोरली पितळी वाडग्यात घडी पिळतेय. मिठाच्या पाण्याची घडी. कपाळावर ठेवायची, दोन मिनिटांनी उलटी करायची, पुन्हा पिळायची. हाताचा तळवा धाकटीच्या मानेखाली घालून बघायची आणि स्वतःशीच म्हणायची, "उतरेल गं." अशा अकरा रात्री. ताप उतरला त्याच दिवशी दोघी सायीच्या भांड्यावरून भांडल्या आणि आठवडाभर बोलल्या नाहीत.

म्हणजे माझ्याच प्रश्नाचं उत्तर माझ्या विरुद्ध जातं, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणते. तापात बसली ती सवतच. पण थोरलीला जायला दुसरं घर नव्हतं, मैत्रेयी. तुझ्या त्या मुलीला आहे. त्यालाही आहे.

आणखी एक. घरात सगळे सांगायचे, धाकटीला थोरलीनेच पसंत केलं, नारळ घेऊन स्वतः गेली होती. मी लहानपणी ते कौतुकाने ऐकायचे. आता वाटतं, विचारलं असेल तेव्हा ती काय म्हणाली असेल? "चालेल" म्हणाली असेल. तूही त्या दिवशी "मला चालतं" म्हणालीस. सगळं तिघांनी बोलून ठरवलंय, कुणापासून काही लपवलेलं नाही, हे तू माझ्या डोळ्यांत बघून सांगितलंस आणि खरं सांगते, राग आला होता तरी वाटलं, पोरगी धीट आहे. मला माझ्या आईला सिनेमाला गेल्याचंही सांगता आलं नव्हतं. पण तो 'चालतं' माझ्या मनातून जात नाही. 'आवडतं' का नाही म्हणालीस? घाईत म्हणालीस की तसंच आहे?

उत्तर लगेच देऊ नकोस. मला नाही दिलंस तरी चालेल. बघ, मीही तोच शब्द वापरला.

मावशीला मी सांगितलंय की तो विषय पुन्हा काढायचा नाही. बाबांची शुगर ठीक आहे. मेतकूट आणि भाजणी बुधवारी कुरिअरने पाठवते; भाजणी जरा जास्तच घातली आहे, घरात खाणारे किती ते मला माहीत नाही म्हणून. त्या मुलीचं नाव तू सांगितलं होतंस, पण मी तेव्हा ऐकून घेतलं नाही. पुन्हा कळव.

आणि घरात थर्मामीटर आहे का, तेही कळव.

तुझी,
आई