पास म्हणजे तिकीट नव्हे

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

यंदा इफ्फीला, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, जायचंच म्हणताय, तर आधी बाबांनी मांडलेली रोजच्या चार सिनेमांची यादी अर्धी करा. पहिल्या खेपेला दिवसाला दोन पुरे. निवडताना सिनेमाचं नाव सगळ्यात शेवटी बघा. आधी थिएटर, मग लांबी, मग सुटायची वेळ.

असं का, ते सांगते. २:३०चा १४० मिनिटांचा सिनेमा ४:५०ला सुटतो. दिग्दर्शक आलेला असेल तर त्यानंतर प्रश्नोत्तरं. गर्दीतून बाहेर पडून बाथरूमची रांग उरकेस्तोवर सव्वापाच. पुढचा शो ५ वाजता पर्वरीला असेल, तर तो गेलाच. पणजीतलं आयनॉक्स आणि मॅकिनेझ पॅलेस जुन्या मेडिकल कॉलेजच्या आवाराला लागूनच आहेत. २००४ साली महोत्सव गोव्यात आला तेव्हापासूनचा अड्डा तोच. कांपालची कला अकादमीही तिथून चालत जाण्याजोगी. पर्वरी मात्र मांडवी नदीच्या पलीकडे, आणि संध्याकाळी पुलावरच्या गर्दीचा काही भरवसा नसतो. एकाच आवारात दोन शोंमध्ये पाऊण तास ठेवा, नदी ओलांडायची असेल तर दीड तास.

पास गळ्यात घातला की कुठेही शिरता येतं, हा समज सोडा. प्रत्येक शोचं तिकीट ॲपवर आगाऊ घ्यावं लागतं आणि गाजलेल्या सिनेमांची तिकिटं काही मिनिटांत संपतात. नोंदणी करताना दोघांचे ईमेल आणि मोबाइल वेगवेगळे द्या, नाहीतर ओटीपी बाबांच्या फोनवर आणि आई दारात, अशी गत होईल. पास घ्यायला जाताना मूळ ओळखपत्र हवं. जायचं रद्द झालं तर तिकीटही वेळेत रद्द करा. तिकीट नसलेल्यांसाठी वेगळी रांग असते, शो सुरू होताना उरलेल्या खुर्च्या त्यांना मिळतात. तुम्ही त्या रांगेत राहू नका. तासभर उभं राहून पहिल्या ओळीतली जागा मिळते, मग दोन तास मान वर.

बसायचं मागून तिसऱ्या-चौथ्या ओळीत, कडेला. सबटायटल पडद्याच्या तळाशी असतात, पुढे बसलात तर कुणाचं तरी डोकं नेमकं त्यावर येतं. बाबा, तुमच्या चष्म्याचा खालचा भाग जवळचं वाचायला आहे. सबटायटल वाचताना नुसते डोळे खाली वळवले तर अक्षरं पुसट दिसतील. हनुवटी किंचित खाली घ्या, म्हणजे नजर वरच्या काचेतून जाईल. सबटायटल इंग्रजीत असतात, म्हणून आईसाठी रोज एक सिनेमा भारतीय पॅनोरमातला, म्हणजे आपल्याकडच्या सिनेमांच्या विभागातला, धरा. मराठी, हिंदी, कोंकणी काहीतरी सापडतं. जुन्या सिनेमांची साफसूफ करून आणलेली नवी प्रत लागली असेल तर ती सोडू नका. उद्घाटनाचा थाट मात्र खुशाल सोडा.

कडेची जागा आणखी एका कामाची. अर्ध्या तासात सिनेमा जमला नाही तर उठून या. तिथे कुणी वाईट मानत नाही, आणि पैसे वसूल करायला शेवटपर्यंत बसायचं काही कारण नाही. एसी कडक असतो, आईची शाल घ्या. खाऊ आत नेऊ देत नाहीत, तेव्हा बाबांच्या साखरेच्या गोळीची आणि जेवणाची वेळ दोन शोंच्या मधेच बसवा.

खोली पणजीतच घ्या, सांतिनेजच्या बाजूला. आल्तिन्योचा चढ आईच्या गुडघ्यांना झेपणार नाही. समुद्र दिसतो म्हणून कळंगुटला तर नकोच; रात्रीचा शो सुटल्यावर बस मिळत नाही आणि टॅक्सीवाला तोंडाला येईल तो भाव सांगतो.

महोत्सव बहुतेक वर्षी २० ते २८ नोव्हेंबर असतो. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे २० सप्टेंबरच्या सुमारास मांडवी एक्सप्रेसची तिकिटं काढायला बसा. उतरायचं करमळीला, मडगावला नाही; पणजीला तेच जवळ.

तुमची,
चिमी