शेजारच्या वाड्याचाही नकाशा जोडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाईच्या गावठाणात आमचं घरबांधणीचं काम चालू आहे. आजोबांच्या घराची मागची भिंत दोन पावसाळ्यांपूर्वी बसली, म्हणून उरलेलं घर उतरवून घेतलं. उत्तरेला अगदी लागून दोन चौकांचा जुना वाडा आहे. काळ्या घडीव दगडाचं जोतं, त्यावर भाजक्या विटा, आत सागवानी खांब आणि लाकडी तुळया-फळ्यांचा कडीपाट. दिंडी दरवाजा अजून शाबूत आहे. तिथे आता एकट्या काकू राहतात. नात्याच्या नाहीत, पण लहानपणापासून आम्ही त्यांना काकूच म्हणत आलो.

मी पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर होतो. एकतीस वर्षं कालव्यांच्या लेव्हल घेतल्या. तरी स्वतःच्या घराचा पहिला नकाशा मी शेजारी न बघता मंजूर केला, हे आधी सांगायला हवं. खाली पार्किंग, वर दोन मजले, एकूण उंची ३३ फूट, भिंत वाड्याच्या भिंतीला चिकटून. नियमाने सगळं बरोबर होतं, परवानगीही मिळाली.

खोदाईच्या पहिल्या दिवशी जेसीबी सहा फूट खाली गेला आणि वाड्याच्या जोत्याखालून माती सुटायला लागली. त्या भिंतीचा पाया दगड-मातीचा, जेमतेम चार फूट खोल. आम्ही त्याच्याही खाली उतरलो होतो. ठेकेदार म्हणाला, काँक्रीट भरून घेऊ, काही होत नाही. मी काम थांबवलं आणि काकूंकडे गेलो. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अरे, जन्मभर कालवे मोजलेस, आमची भिंत एकदा मोजून बघ की."

दोन दिवस टेप आणि लेव्हल बघायची पाण्याची नळी घेऊन मी वाडा मोजला. त्याचं जोतं जमिनीपासून २ फूट ९ इंच. आमचं आम्ही चार फुटांवर नेणार होतो आणि अंगणातही मुरमाची भर घालणार होतो. म्हणजे आमच्या अंगणातलं आणि छपरावरचं पावसाचं पाणी दर पावसाळ्यात त्यांच्या भिंतीच्या मुळाशी जाणार. चुन्याची भिंत ओल घेते आणि उन्हा-वाऱ्याने ती सोडते. म्हणून तर ती इतकी वर्षं उभी राहते. तिला बाहेरून सिमेंट फासलं किंवा दुसरी भिंत टेकवली की ओल आतच कोंडते, आणि तुळयांची भिंतीत गेलेली टोकं कुजायला लागतात. ती कुजलेली दिसतात तेव्हा माळा खाली आलेला असतो.

मग उन्हाचा हिशेब केला. २२ डिसेंबरला भर दुपारी वाईत सूर्य क्षितिजापासून साधारण ४९ अंशांवर असतो. ३३ फूट उंच भिंतीची सावली २९ फूट पडते. वाड्याच्या दक्षिणेकडच्या खोल्या १४ फूट खोल, त्यापुढे १८ फुटांचा चौक. त्या खोल्यांच्या पाख्याचीच, म्हणजे उतरत्या छपराची, सावली आमच्या बाजूच्या भिंतीपासून २४ फुटांपर्यंत जाते, म्हणून हिवाळ्यात चौकाच्या पलीकडच्या आठ फुटांतच काय ते ऊन असतं. काकू तिथे सतरंजी टाकून पाय शेकत बसतात. आमच्या घराने त्या आठांतले पाच फूट खाल्ले असते. शिवाय दुसऱ्या मजल्याच्या खिडक्या थेट त्यांच्या तुळशीवृंदावनावर उघडल्या असत्या.

नवा नकाशा साताऱ्याच्या एका तरुण वास्तुविशारद बाईंनी केला. उंची २२ फुटांवर आणली, उत्तरेच्या वरच्या खिडक्या काढल्या, पागोळ्या आमच्याच अंगणात. दोन्ही घरांत चार फुटांचा बोळ सोडला, म्हणजे त्यांच्या भिंतीला वारा लागेल आणि उद्या डागडुजीला माणूस उभा राहील. तो बोळ भूकंपासाठीही हवा. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा हादरा आमच्या घरातल्या थोरांनी अनुभवला होता. लाकडी सांगाडा एका लयीत हलतो, आरसीसी म्हणजे सळई-काँक्रीटचा दुसऱ्या. चिकटून असली तर दोन घरं एकमेकांवर आपटतात. खोदाई हाताने केली, पाया आत सरकवला. एक खोली गेली. मुलाला ते रुचलं नाही, अजूनही पूर्ण रुचलेलं नाही.

नातेवाइकांचा आग्रह होता की शेजारी वाडा आहे तर आपणही फायबरच्या महिरपी आणि नकली तोड्या लावू. बाईंनी ठाम नकार दिला आणि मला तो पटला. खोट्या महिरपीशेजारी खरीसुद्धा खोटी वाटायला लागते. आमचं घर साधं, विटांचं असेल. मात्र जोत्याची आणि पाख्याची रेघ शेजारच्या रेघेला धरून जाईल. इथून तीन किलोमीटरवर मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. लोक घाटावरची १७०७ सालची घंटा बघून परततात. वाड्याच्या बाहेरच्या भिंतीसमोर पाच मिनिटं उभं राहावं. पेशवाईचा कारभार हाकणाऱ्या माणसाचं घर, आत सहा चौक आणि रंगवलेल्या भिंती, पण बाहेरून किती शांत.

माझं म्हणणं नियमांबद्दल आहे. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. राज्याच्या डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत वारसा यादीतल्या इमारतींसाठी तरतुदी आहेत. काकूंचा वाडा यांतल्या कशातच बसत नाही. माझ्या अर्जासोबत सामासिक अंतर (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा), चटईक्षेत्र, पार्किंग सगळं विचारलं गेलं. शेजारच्या भिंतीचा पाया किती खोल आहे हे कोणीही विचारलं नाही. विचारलं असतं तर तो जेसीबी आलाच नसता.

म्हणून जिल्ह्यातल्या नगरपालिकांना विनंती आहे. गावठाणात बांधकाम परवानगी देताना आणखी एक नकाशा सक्तीचा करा. त्यात नवं घर आणि शेजारचं जुनं घर एकाच मापात शेजारी शेजारी उभ्या छेदात, म्हणजे वरून खाली कापल्यासारखं, दाखवलेलं असावं: दोन्हींचं जोतं, पाया, पाख्याची उंची, पाण्याचा उतार आणि डिसेंबरमधली दुपारची सावली. टेप असलेल्या माणसाचं हे दोन दिवसांचं काम आहे. मी केलेला नकाशा नमुना म्हणून कोणत्याही नगरपालिकेला विनामूल्य द्यायला तयार आहे, आणि आमच्या आळीत कोणी बांधकाम काढत असेल तर मोजायला मी स्वतः येईन.

आपला,
एक निवृत्त ओव्हरसिअर, वाई (जि. सातारा)