देवगिरी पाहून आल्यावर

प्रिय सुहास,

देवगिरीबद्दल, म्हणजे आजच्या दौलताबादच्या किल्ल्याबद्दल, सविस्तर लिही म्हणालास, म्हणून आज निवांत बसलोय. एवढा अभेद्य किल्ला शत्रूच्या हाती गेलाच कसा, हा तुझा प्रश्न गड चढताना सारखा डोक्यात होता.

अरे, तो डोंगर बघितलास तर तूही हेच विचारशील. खालचे कडे छिन्नीने तासून सुमारे ५० मीटर सरळ उभे केलेत, घोरपडसुद्धा चढणार नाही. खंदकही कातळातच कोरलेला. तो ओलांडून पुढे गेलं की अंधेरी लागते, डोंगराच्या पोटातून वर जाणारा वळणावळणाचा बोगदा. पायऱ्या मुद्दाम कमीजास्त उंचीच्या, त्यामुळे पाऊल अडखळतंच. भिंत चाचपत गेलो तर छिन्नीचे घाव बोटांना लागत होते, आणि वटवाघळांच्या वासाने नाक भरून गेलं. वरच्या तोंडाशी जाळ पेटवून आत धूर कोंडायची सोय होती. त्या काळोखात शिरणाऱ्या सैनिकाचं काय होत असेल!

पण या कातळाला कुणी हरवलंच नाही रे. हरवलं ते भुकेने. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी अचानक चालून आला, तेव्हा इथल्या यादव राजाचा, रामदेवरायाचा, मुलगा शंकरदेव सैन्य घेऊन बाहेर होता. घाईघाईने गडावर पोती चढवली, आणि सांगतात की उघडल्यावर धान्याऐवजी मीठ निघालं. रामदेवरायाला तह करावा लागला. १६३३ मध्येही तेच. मोगलांनी सुरुंग लावून अंबरकोट हा बाहेरचा तट फोडला, खालचे तट घेतले. वर उपासमार झाली तेव्हा निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याचा मुलगा फतेहखान याने किल्ला सोडला. मधल्या काळातली तुघलकाची राजधानी, बहमनींचा चांदमिनार हे सगळं तू वाचलेलंच आहेस.

मला खरं हलवलं ते वेगळ्याच गोष्टीने. लखुजी जाधवराव, जिजाऊंचे वडील, १६२९ मध्ये इथेच निजामशहाच्या दरबारात दग्याने मारले गेले, मुलांसह आणि नातवासह. शिवराय जन्मले १६३० मध्ये. म्हणजे आजोबांनी हा नातू पाहिलाच नाही. माहेरची एवढी माणसं एका दिवसात गेली, तेव्हा जिजाऊंनी काय सोसलं असेल? एवढ्या मोठ्या घटनेची आठवण गडावर ठळकपणे दिसायला हवी. लोक मेंढा तोफेपाशी फोटो काढतात आणि परत फिरतात, याचं फार वाईट वाटलं.

तू येशील तेव्हा सकाळी लवकर निघू, ऊन चढायच्या आत वरचा बारादरी महाल गाठायचा. चिनी महालही नीट बघू. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशहा तिथे कैदेत होता. वेरूळ दुसऱ्या दिवशी, एका दिवसात दोन्ही उरकायचं नाही. दिवाळीची सुट्टी कधी लागते ते कळव. काका-काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
अनिल