आमच्या शांत बाळाकडे नीट पाहिल्याबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सविनय नमस्कार.

आमच्या बाळाच्या मूल्यमापनाचा अहवाल घेताना आम्ही उभयतांनी आपले आभार मानले होतेच. परंतु दारात उभ्या-उभ्या म्हटलेल्या दोन शब्दांत जे मावले नाही ते सविस्तर लिहावे, आणि ते आमच्यासारख्या इतर पालकांच्याही वाचनात यावे, म्हणून हे पत्र खुलेपणाने लिहीत आहे.

आमचा मुलगा अकरा महिन्यांचा होईपर्यंत सर्वांच्या कौतुकाचा विषय होता. तो रडत नसे, हट्ट करत नसे आणि कोणीही उचलून घेतले तरी कुरकुर न करता कडेवर राही. आधीच्या डॉक्टरांनी वजनाचा आलेख पाहून समाधान व्यक्त केले होते. रडून घर डोक्यावर घेणाऱ्या बाळाला लोक तातडीने दवाखान्यात नेतात. गप्प बाळाला शाबासकी मिळते. आपण मात्र नेहमीच्या तपासणीतच, त्याचा चेहरा फारसा बदलत नाही, नजर मिळताच निसटते, हाक मारली तर प्रतिसाद उशिरा येतो आणि आवाज जवळजवळ नाहीच, हे टिपले. अर्भक असे मिटून जात असेल तर ते ओळखण्यासाठी फ्रेंच बालमनोविकारतज्ज्ञ अंत्वान गेदने यांनी २००१ मध्ये एक मोजपट्टी प्रसिद्ध केली, ती २ महिने ते २ वर्षे या वयासाठी आहे आणि तिच्यातील ८ बाबी साध्या तपासणीतही पाहता येतात, हे आपण नंतर समजावून सांगितलेत. ही मोजपट्टी केवळ धोक्याची सूचना देते, आजाराचे नाव सांगत नाही, हेही आपण तितक्याच स्पष्टपणे सांगितलेत.

नाव हवे होते ते आम्हाला. मोबाइलवर रात्र-रात्र वाचून मी 'ऑटिझम' हा शब्द मनाशी पक्का करूनच आलो होतो. आपण त्याला होकार दिला नाही आणि नुसता धीर देण्यासाठी नकारही दिला नाही. आधी श्रवणचाचणी, डोळ्यांची तपासणी आणि रक्तातील लोहाची पातळी, असा क्रम आपण लावलात. कारण ज्याला नीट ऐकू येत नाही किंवा अंगात रक्त कमी आहे असे मूलही बाहेरून असेच अलिप्त दिसू शकते. तो जवळपास दोन महिने आधी जन्मला असल्यामुळे त्याची तुलना अकरा महिन्यांच्या नव्हे, नऊ महिन्यांच्या मुलांशी करायला हवी, हा हिशेबही आपणच मांडलात. त्या हिशेबाने बरीच चिंता कमी झाली, पण सगळी नाही. कारण आठ-नऊ महिन्यांचे बाळ सहसा अनोळखी माणसाला बुजते, आणि आमचा मुलगा कोणालाच बुजत नव्हता.

सतरंजीवर बसून आपण केलेले निरीक्षण मला विशेष आठवते. आपण खुळखुळा वाजवला नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत. तो डब्याचे झाकण फिरवत होता आणि आपण नुसत्या शेजारी बसून होता. त्याने पाहिले की भुवया किंचित उंचावायच्या, त्याने मान वळवली की आपणही नजर काढून घ्यायची. मग आपण माझ्या पत्नीला घरी खेळवते तसेच खेळवायला सांगितलेत आणि त्याचा व्हिडिओ घेतलात. पुढच्या भेटीत त्यातील चुका दाखवल्या जातील या धास्तीने ती अवघडून बसली होती. आपण व्हिडिओ थांबवलात तो बाळाने तिची बाही ओढली त्या क्षणी, आणि म्हणालात, "पाहा, तो तुमच्याचकडे आला."

त्यानंतरच आपण तिच्या मनाची विचारपूस केलीत. बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी १९८७ पासून वापरात असलेली एडिनबरा प्रश्नावली, तिच्यातील मागील ७ दिवसांविषयीचे १० प्रश्न, तिने आपल्यासमोर भरले. बाळाच्या फायलीत दूध, शी, झोप, लस यांची पानेच्या पाने होती. आई झोपते का, हे तोवर कोणीही विचारले नव्हते. (बापाला तर त्या फायलीत रकानाच नव्हता, आपण मलाही विचारलेत.) तिच्यावर वेळेत उपचार सुरू झाले. 'तुमच्यामुळे असे झाले' हे वाक्य आपल्या तोंडून एकदाही आले नाही, त्यामुळेच ती पुन्हा येण्यास तयार झाली. आता ती खोलीबाहेर गेली की तो भोकाड पसरतो. नातेवाईक म्हणतात, पोर लाडावले. आम्ही मनातून सुखावतो.

अहवालाविषयी एक गोष्ट आवर्जून लिहितो. जन्मापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मानसिक व विकासविषयक अडचणींसाठी २०१६ मध्ये आलेल्या वर्गीकरणाप्रमाणे आपण पाच अक्षांवर, म्हणजे पाच वेगवेगळ्या बाजूंनी, नोंदी केल्या आहेत, आणि त्यांतील दुसरा संपूर्ण अक्ष पालक व मूल यांच्या नात्यासाठी आहे. पहिल्या अक्षावर आपण निदान न लिहिता 'निरीक्षण चालू' असे लिहिले आहे. पैसे मोजून आलेल्या पालकाला ती ओळ प्रथम खटकते, हे कबूल करतो. पण इतक्या लहान वयात घाईने मारलेल्या शिक्क्यापेक्षा मला ती अधिक प्रामाणिक वाटते.

श्रवणचाचणीच्या वेळी बाळ झोपेपर्यंत न कंटाळता थांबलेल्या आपल्या सहकाऱ्यांनाही आमचे आभार कळवावेत, ही विनंती. आपण सांगितल्याप्रमाणे जेवतानाचे आणि झोपण्यापूर्वीचे असे दोन छोटे व्हिडिओ पुढील भेटीस सोबत आणत आहोत.

आपला कृतज्ञ,
एका बाळाचा बाप